ड्यू लिस्टच्या आधी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सरकारी आरोग्यखात्याने पहिली आठवण लिहून ठेवली ती कागदावर नव्हे, भिंतीवर. मलेरियाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1953 साली सुरू झाला आणि 1958 साली त्याच्या नावातलं ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. मलेरिया काही गेला नाही, पण मलेरियावाला दर पंधरा दिवसांनी दारात येऊ लागला. कोणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या आणि निघताना भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. कारवीच्या कुडाला शेणाचा लेप, त्यावर गेरू, त्यावर ही चौकट. मागून येणाऱ्या पर्यवेक्षकाला घरच्यांना काही विचारावंच लागत नसे. भिंत सांगायची, माणूस येऊन गेला की नाही.

मी 1987 साली नोकरीला लागले तेव्हा या चौकटी फिकट झाल्या होत्या, पण होत्या. एका घरात लग्नाचा चौक काढण्यासाठी भिंत सारवायला घेतली तर म्हातारीने चौकटीपुरता भाग कोरडाच सोडला. विचारलं तर म्हणाली, “ती सरकारची जागा हाय, बाय.” पुढे पल्स पोलिओ आला, डिसेंबर 1995 मध्ये देशभर पहिला दिवस झाला, आणि काही वर्षांनी घरोघर फिरताना आम्ही खडूने दारावर पी किंवा एक्स लिहू लागलो. पी म्हणजे घरातली सगळी बाळं झाली, एक्स म्हणजे एखादं राहिलं, परत या. पोरांच्या करंगळीच्या नखावर काळी शाई. म्हणजे भिंत सुटली नाही, फक्त मजकूर बदलला.

माझं माहेर वाणगावचं. नोकरी मात्र सगळी पूर्वेच्या अंगाला, आधी उपकेंद्रावर एएनएम म्हणून आणि शेवटची वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रावर एलएचव्ही म्हणून. पाड्यावर मला कोणी या नावांनी ओळखलं नाही. नर्सबाई, नाहीतर नुसतं बाय. करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर निवृत्त झाले. त्यानंतर मुंबईहून संशोधनाच्या कामासाठी आलेली एक तरुण डॉक्टर भेटली. तिला जाणून घ्यायचं होतं की गरोदर बाईची हेपॅटायटिस बीची तपासणी राहिली असेल तर संगणकाने तशी सूचना दिली, तर इथे उपयोग होईल का. अमेरिकेतल्या दवाखान्यांत असं होतं म्हणे. रुग्णाची नोंद उघडली की पडद्यावर पट्टी येते, ‘या व्यक्तीची बीची चाचणी झालेली नाही’, आणि तपासण्या वाढतात. तिकडे 2023 पासून प्रत्येक प्रौढाची आयुष्यात निदान एकदा तपासणी करावी असा सल्लाच आहे. मी तिला म्हटलं, उपयोग होईल, पण आधी इथे आठवण ठेवण्याचा धंदा कसा चालत आला ते ऐक. ते ऐकायला तिला वेळ नव्हता. म्हणून इथे लिहिते.

भिंतीच्याही आधी या भागात एक लेखी नोंद होती, ती सावकाराच्या वहीतली. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय त्यांना लग्नगडी कोण ते सांगायला नको. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि त्यापायी नवराबायकोने जमीनदाराकडे राबत राहायचं. किती घेतलं, किती फिटलं, हे सगळं वहीत. ती वही कर्जदाराला वाचता यायची नाही, त्याचा फक्त अंगठा तिच्यावर असायचा. 1945 साली झरीला वारल्यांची सभा झाली, वेठ बंद करायचं ठरलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगडचा बळी गेला. मी लागले तेव्हा या गोष्टी आजोबांच्या तोंडी होत्या आणि एक शहाणपण घराघरांत उरलं होतं. कोणी वही उघडून नाव विचारलं तर खरं नाव लगेच सांगू नये.

त्यात 1976 ची भर. आणीबाणीत नसबंदीची लक्ष्यं ठरली, आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच संमत केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, पण धाक पोचायला कायदा लागत नाही. माझ्या आधीच्या सिस्टर सांगायच्या, रजिस्टर काखेत दिसलं की पुरुष रानात पळायचे. मला पहिल्या वर्षी त्यांनी एकच गोष्ट शिकवली. पाड्यावर शिरताना रजिस्टर पिशवीत ठेवायचं, आधी बाळाला उचलून घ्यायचं, मग चुलीपाशी बसून बोलायचं, आणि लिहायचं ते बाहेर आल्यावर.

त्याच 1976 सालात दूरवर दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये क्लेमेंट मॅकडॉनल्ड नावाच्या डॉक्टरने एक प्रयोग छापला. नऊ डॉक्टर, त्यांचे रुग्ण आणि संगणकाने तयार केलेल्या सूचना. सूचना मिळाली तेव्हा शंभरातल्या 51 प्रसंगी डॉक्टरांनी जे करायला हवं ते केलं. न मिळाली तेव्हा फक्त 22 प्रसंगी. त्याचा निष्कर्ष मला फार आवडला. डॉक्टर विसरतात ते अडाणी असतात म्हणून नाही, एका वेळी फार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात म्हणून विसरतात. आणि त्या सूचना पडद्यावर नव्हत्याच. रुग्ण यायच्या आधी संगणक त्या कागदावर छापायचा आणि तो कागद रुग्णाच्या फाइलीत लावून ठेवलेला असायचा. हे वाचलं तेव्हा मला मलेरियावाल्याची चौकट आठवली.

दुसरी गोष्ट, त्याच वर्षी बरूच ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळालं. साठच्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं. त्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन नाव पडलं, आणि पुढे कळलं की ते हेपॅटायटिस बीच्या विषाणूचंच आवरण आहे. आज आम्ही जी एचबीएसएजीची चाचणी करतो ती त्याच आवरणाची. ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस 28 जुलै, म्हणून जागतिक हेपॅटायटिस दिन त्या तारखेला असतो.

आमच्याकडे हा आजार नावाने कोणाला माहीत नव्हता. माहीत होती ती कावीळ. कावीळ झाली की माळ घालायची, मुळ्यांचे तुकडे ओवलेली. ती रोज लांब होत जाते आणि पार खाली उतरली की कावीळ उतरली. नाहीतर चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवायचं, नाहीतर डाग द्यायचा. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक आपोआप बरी होते, त्यामुळे माळेचं यश वाढत जातं आणि भगताची बदनामी होत नाही. बीचा प्रकार वेगळा. तो बऱ्याचदा डोळे पिवळे करतच नाही. बाई धडधाकट असते, भात लावते, लाकडं आणते, आणि बाळंत होताना तो बाळाला देऊन टाकते. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी लोकांत तो कायमचा राहतो. जन्मतः लागण झाली तर नव्वदांत. आणि मग तीस-चाळीस वर्षांनी यकृत गेलं की लोक म्हणतात, दारूने गेला.

दारूने जाणारे होतेच, नाही असं नाही. पण आता मागे पाहताना मला काही चेहरे वेगळे दिसतात.

रक्तातून रक्तात जायच्या वाटा इथे कमी नव्हत्या. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरते, विवळवेढ्याच्या डोंगराखाली, पंधरा दिवस. तिथे गोंदणारे बसायचे. पोरींच्या कपाळावर, हातावर, एकच सुई, एकच रंगाची वाटी, रांग लांब. पुढे बॅटरीवरचं यंत्र आलं, सुई तीच. गोंदण हा इथल्या बाईचा दागिना, मेल्यावर बरोबर येणारा एकमेव, त्यामुळे मी कधी कोणाला ‘गोंदू नका’ म्हटलं नाही, सुई बदलायला सांगा एवढंच म्हटलं. दुसरी वाट आमचीच. माझ्या सुरुवातीच्या काळात काचेच्या सिरिंजा होत्या. स्टोव्हवर डबा ठेवून वीस मिनिटं उकळायच्या. रॉकेल आहे तोवर ठीक, संपलं की कोणत्या उपकेंद्रावर काय झालं असेल ते देव जाणे. एकदा वापरली की लॉक होणारी एडी सिरिंज लसीकरणात 2005 च्या सुमारास आली. आणि तिसरी वाट झोळीवाल्या डॉक्टरांची. कशालाही सुई, कारण सुई घेतल्याशिवाय पैसे दिल्यासारखं वाटत नाही.

लसीचं म्हणाल तर ती 1981 पासून जगात होती, पण श्रीमंतांच्या हातावर. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 साली देशी लस बाजारात आणली आणि शेकड्यातली किंमत खाली येऊ लागली. शहरांत शिबिरांची लाटच आली, गणेश मंडळं, क्लब, शाळा. सरकारी लसीकरणात ती 2002-03 मध्ये मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत आली, 2007-08 मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत, 2011 मध्ये देशभर. त्यातला सगळ्यात मोलाचा डोस जन्मल्यापासून चोवीस तासांतला. बाकी डोस दीड महिन्यापासून पुढे मिळतात, पण आईकडून आलेला विषाणू तोवर घर करून बसलेला असतो.

चोवीस तास म्हणजे काय हे पाड्यावर राहिल्याशिवाय कळत नाही. बाळंतपण रात्री तीनला सुईणीच्या हातून झालं, मला कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लस आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसीच्या फ्रिजमध्ये, कॅरिअर घेऊन पोचेपर्यंत चोवीस तास उलटून गेलेले. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तेव्हा सोपं होईल वाटलं. तिथे दुसरंच. लसीची कुपी दहा डोसांची. एका बाळासाठी फोडली आणि नऊ डोस वाया गेले तर वरून विचारणा होईल ही भीती. उघडलेली कुपी नीट ठेवली तर चार आठवडे वापरता येते असा नियम आला तरी हात आखडायचे. शिवाय बीची लस गोठली की मेली. बर्फाच्या पॅकला घाम फुटेपर्यंत थांबून मग ती कॅरिअरमध्ये ठेवायची असते, आणि घाईत कोण थांबतं? या सगळ्यात बाईला किंवा सिस्टरला आठवण नव्हती असं एकदाही झालं नाही. आठवण होती, कुपी फोडायचा धीर नव्हता.

आता आमच्या कागदी यंत्रणेबद्दल, कारण तिचं कौतुक कोणी केलं नाही. उपकेंद्राच्या भिंतीला कापडी पिशवी टांगलेली असायची, बारा खिसे, बारा महिने. टिकलर बॅग. माता-बाल कार्डाचा मोठा भाग आईकडे, छोटं अर्धुक आमच्याकडे. ज्या महिन्यात पुढची लस किंवा तपासणी, त्या महिन्याच्या खिशात अर्धुक टाकायचं. महिना लागला की खिसा रिकामा करायचा, नावं वहीत उतरवायची, आशाताईच्या हातात द्यायची. काम झालं की अर्धुक पुढच्या खिशात. महिना संपताना खिशात जे उरेल ते राहिलेलं. वीज लागत नव्हती, पासवर्ड नव्हता, रेंज नव्हती. पावसात कागद मऊ व्हायचे आणि एका वर्षी उंदराने भाद्रपद खाल्ला, एवढाच त्रास.

2010 च्या सुमारास मातांची नावं संगणकावर जाऊ लागली, आधी एमसीटीएस, मग आरसीएच पोर्टल. प्रत्येक बाईला नंबर. तालुक्याला डाटा ऑपरेटर. आम्ही रजिस्टर भरायचं, त्याने ते टाइप करायचं, आणि त्यातून महिन्याला ड्यू लिस्ट छापून यायची. कल्पना टिकलर बॅगेचीच. फरक इतकाच की खिसा आता तालुक्याला आणि आम्ही पाड्यावर.

घोटाळे सुरू झाले ते नावांत. इथे जन्मवारावरून नावं ठेवतात. सोमवारी झाली ती सोमी, बुधवारची बुधी, शुक्रवारची शुक्री. नवऱ्याचं नाव लक्ष्या, आडनावं मोजकी. संगणकाला एकाच गावात एकाच नावाच्या चार बाया म्हणजे एकच बाई चार वेळा लिहिली असं वाटायचं, आणि ऑपरेटर बिचारा तीन काढून टाकायचा. मग मोबाइल नंबर. घरात फोन नाही, किंवा आहे तो नवऱ्याकडे, आणि नवरा वेरावळला बोटीवर. रकाना रिकामा चालत नाही. मग कोणाचा लिहायचा? किराणा दुकानदाराचा, नाहीतर आशाताईचा. एका आशाताईच्या फोनवर अर्ध्या पाड्याचे एसएमएस यायचे. ‘आपली तपासणी बाकी आहे, जवळच्या केंद्राशी संपर्क साधा.’ ती हसून मला दाखवायची, “मॅडम, मला आज सात वेळा दिवस गेलेत.” तिला त्या सातही बाया संगणकाच्या आधीपासून माहीत होत्या.

सीमेचा त्रास वेगळाच. 1 मे 1960 ला राज्यं झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि आपल्याकडे राहिलेल्या गावांची तलासरी झाली. रेघ नकाशावर पडली, सोयरिकी पडल्या नाहीत. मुलगी तलासरीची, सासर उंबरगावकडचं. उधव्याच्या बाईला आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापेक्षा सिल्वासाचं विनोबा भावे रुग्णालय सोयीचं. तिथे बाळंत झाली की हातात दुसरं कार्ड, कधी गुजरातीत छापलेलं. आपल्या यादीत ती ‘प्रसूती बाकी’ म्हणून महिनोन्महिने लोंबकळते. आच्छाडच्या अलीकडेच फोन ‘गुजरातमध्ये स्वागत’ म्हणतो, तर संगणकाने काय करावं?

शिवाय दिवाळी झाली की घरं रिकामी. वीटभट्ट्यांवर, वसई-भिवंडीकडे, रेतीवर, बांधकामावर. होळीला चार दिवस परत, मग पाऊस लागायच्या आधी कायमचे. गरोदर बाई चौथ्या महिन्यात इथे नोंदवलेली, सातव्यात भट्टीवर, बाळंत माहेरी. टिकलर बॅग या बाईपुढे हरायची आणि संगणकही हरतो. ती कुठे जाते हे भट्टीच्या मुकादमाला माहीत असतं. आम्ही काही जणी मुकादमांचे नंबर ठेवायचो, सरकारी रकान्यात नाही, स्वतःच्या डायरीत.

आता हेपॅटायटिस बीची तपासणी. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला. गरोदर मातांची एचबीएसएजी तपासणी, बाधित आईच्या बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, आणि गरज असेल त्यांना मोफत औषध. म्हणजे लसीनंतर कितीतरी वर्षांनी तपासणी. आमच्या जुन्या रजिस्टरात हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, व्हीडीआरएल, एचआयव्ही यांचे रकाने. बीला जागा नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनने ‘बी’ लिहायला लागले. केलं तर बीला गोल, राहिलं तर नुसता बी. पुढच्या भेटीला रजिस्टर उघडलं की लाल दिसायचं. माझ्या हाताखालच्या सिस्टरांनीही तेच उचललं. वरून आलेली कुठलीच सूचना याच्याइतकी चालली नाही, आणि कारण साधं आहे. ज्या पानावर बाईचं वजन लिहायचं, त्याच पानावर, त्याच वेळी, किट टेबलावर असताना लाल अक्षर डोळ्यांपुढे यायचं. मॅकडॉनल्डचा कागद फाइलीत लावलेला होता, मलेरियावाल्याची चौकट ज्या दारात काम करायचं त्याच दारात होती. ड्यू लिस्ट मात्र महिन्याच्या एक तारखेला येते आणि किट येतं बारा तारखेला.

पण भिंतीचा कौतुकसोहळा मी इथेच थांबवते, कारण बी म्हणजे मलेरिया नव्हे. तापाची तारीख सगळ्या गावाने वाचली तरी कोणाचं काही जात नव्हतं. हा आजार तसा नाही. हे आम्ही एचआयव्हीच्या वेळी शिकलो होतो. कार्डावर नाव लिहायचं नाही म्हणून एका ठिकाणी कोपऱ्यात खूण ठरली होती. वर्षभरात सासवांना ती खूण कळली. एका सुनेचं कार्ड तिच्या सासूने मला दाखवून विचारलं, “हे कशाचं हाय, ते सांगा.” मी सांगितलं नाही, पण तिला कळायचं ते कळलंच, आणि सून माहेरी गेली ती परत आली नाही. बी बद्दलही लोक तेच विचारतात. वेगळं ताट ठेवायचं का, मूल अंगावर पाजायचं का. ताट वेगळं नको, आणि बाळाला लस दिली की खुशाल पाजावं, हे मी शंभरदा सांगितलं असेल. पण आधी आठवणीची खूण चारचौघांत गेली तर हे सांगायला बाईच समोर राहत नाही.

म्हणून त्या मुंबईच्या डॉक्टरला मी नको म्हटलं नाही. ज्या पेचात आम्ही अडकलो होतो तो असा की खूण काम करणाऱ्या हाताजवळ हवी आणि बाकी कोणाला दिसायला नको. कापडी पिशवीला हे जमलं नसतं, लाल पेनलाही पुरतं जमलं नाही, कारण रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि आता वाचता येणाऱ्या पोरीबाळी घरोघर आहेत, ही तर चांगलीच गोष्ट. संगणकाला हे जमू शकतं. बाळंतपणाच्या खोलीतल्या सिस्टरने नंबर टाकला की तिला एकटीला दिसावं, की आईची चाचणी झालेली नाही, किंवा झाली आहे आणि बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं आहे. उपजिल्हा रुग्णालयात जिथे वीज, पडदा आणि किट एकाच खोलीत आहेत तिथे हे उद्यापासून व्हावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साठी भारतात बीसह जगणाऱ्यांचा अंदाज 2 कोटी 98 लाख दिला आहे. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला हे आहे याचा पत्ता नाही. एवढ्या लोकांना लाल पेन पुरणार नाही.

आदिवासींत हा आजार जास्त का, असंही तिने विचारलं. देशातल्या जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर आदिवासी समाजांतलं प्रमाण इतरांच्या कित्येक पट दिसतं, पण त्यात अंदमान-निकोबारच्या आकड्यांचं वजन फार आहे. निकोबारी आणि वारली यांना एका टोपलीत घालून आकडा काढू नये असं माझं मत. इथलं इथे मोजावं. डहाणूला आयसीएमआरचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे, मोजायला लांबचं कोणी यायला नको.

पाड्यांसाठी मात्र मी तिला वेगळं सुचवलं. माझ्यानंतर आलेली सिस्टर आता पहिल्या भेटीलाच, नोंदणीच्या वेळी, एकदाच बोट टोचते आणि किट हाताशी असेल त्या दिवशी एचआयव्ही, सिफिलिस आणि बी तिन्ही उरकते. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ येते की नाही ते कळतं. बाई भट्टीवर जायच्या आधी. मग पुढे आठवण करून द्यायला फारसं उरतच नाही. उरतात ते बाधित बाईचे घरवाले, त्यांची तपासणी आणि ज्यांना नाही त्यांना लस.

आणि घरवाला बहुधा खलाशी. डहाणू-तलासरीतले कितीतरी गडी पोरबंदर, वेरावळ, ओख्याच्या बोटींवर जातात, पावसाळ्यानंतर चढतात ते उन्हाळा संपेपर्यंत पाण्यावर. काही तर हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून येतात. संगणक मात्र बायकोच्या चाचणीनंतर ‘तीस दिवसांत जोडीदाराची तपासणी’ अशी मुदत मोजणार. तीस दिवसांत तो अरबी समुद्रात असेल. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तो घरी, भात लावायला. त्या सिस्टरने ऑपरेटरला विचारलं की जोडीदाराची आठवण दिवसांवर न लावता जूनवर लावता येईल का. तो म्हणाला, पोर्टलमध्ये तशी सोय नाही, पण एक्सेलमध्ये ‘बोटीवर’ असा रकाना काढून देतो. आता दर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो ती यादी छापून पाठवतो, नावांशिवाय, फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा हे तिच्या कुलपातल्या वहीत असतं. जोडीदारांसाठीची किटं ती एप्रिलमध्येच मागवून ठेवते.